बाँडचा गल्ला आणि पुढचा शुक्रवार

प्रश्न असा आहे: ‘नो टाइम टू डाय’ने जगभरात ७७ कोटी डॉलर गोळा केले, तरी तो तोट्यात गेला असं लोक म्हणतात, ते कसं? आणि आता सगळा कारभार अमेझॉनकडे गेल्यावर जेम्स बाँड थिएटरात राहील, की घरच्या टीव्हीवर मालिका होऊन बसेल?

मी पंचवीसेक वर्षं मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या मुंबई विभागात, पिक्चरचं बुकिंग करतो. कुठल्या थिएटरला काय लावायचं, किती शो, कुठल्या वेळेचे, किती टक्क्यांवर, हे ठरवण्यातच माझा आठवडा जातो. सोमवारी सकाळी डीसीआर, म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता, हातात आला की पिक्चर टिकणार की उतरणार ते कळतं. तेव्हा मी उत्तर देतोय ते तिकीट खिडकीच्या बाजूने, समीक्षकाच्या नाही.

आधी पैशांचं. ७७ कोटी ४० लाख डॉलर ही तिकिटांची एकूण विक्री. स्टुडिओच्या हाती त्यातला निम्माही भाग पडत नाही. आपल्याकडे २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं हिश्श्यावरून फाटलं आणि दोन महिने मल्टिप्लेक्सला नवा मोठा हिंदी पिक्चरच लागला नाही. तडजोडीत जी पायरी ठरली ती अशी: कर वजा जाता पहिल्या आठवड्यात ५० टक्के वितरकाला, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस. परदेशात प्रत्येक देशाची रीत वेगळी. ढोबळ हिशेब धरायचा तर अमेरिकेत स्टुडिओला निम्म्याहून थोडं जास्त मिळतं, बाकी जगात चाळीस टक्क्यांच्या आगेमागे आणि चीनमध्ये जेमतेम २५ टक्के.

आता हे ‘नो टाइम टू डाय’ला लावून बघा. अमेरिकेत १६ कोटी आणि बाहेर ६१ कोटी. माझ्या अंदाजाने यातले ३४-३५ कोटी स्टुडिओच्या वाट्याला आले असतील. पिक्चरवर खर्च झाला २५ कोटींच्या वर. जाहिरातीचा खर्च वेगळा, आणि या पिक्चरच्या बाबतीत तो पुन्हा पुन्हा करावा लागला. एप्रिल २०२० ची तारीख मार्चमध्येच रद्द झाली. करोनामुळे पुढे ढकललेला हा हॉलिवूडचा पहिला मोठा पिक्चर. मग नोव्हेंबर ठरला, मग एप्रिल २०२१, आणि शेवटी सप्टेंबरअखेर तो लागला. दर वेळी ट्रेलर पुन्हा, पोस्टर पुन्हा. हॉलिवूडच्या धंद्याचं पत्र ‘व्हरायटी’ने छापलं की खर्च निघायला ९० कोटी डॉलर लागतील, पिक्चरचा स्टुडिओ एमजीएमने ते साफ फेटाळलं. माझं मत विचाराल तर नुसत्या थिएटरच्या पैशावर तो सुटला नसावा. पण बाँडचा पिक्चर पुढे वर्षानुवर्षं टीव्ही, ओटीटी आणि विमानांतल्या पडद्यांवर विकला जातो. ते धरलं तर त्याला ‘पडला’ म्हणणं मला पटत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ‘स्पायडर-मॅन’ येईपर्यंत जगभरातल्या कमाईत त्याच्यापुढे हॉलिवूडचा दुसरा पिक्चर नव्हता, हेही विसरू नका.

तो आपल्याकडे कसा लागला ते सांगतो. भारतात तो ३० सप्टेंबर २०२१ ला आला, पण महाराष्ट्रात थिएटरं बंदच होती. सरकारने २२ ऑक्टोबरपासून परवानगी दिली, तीही निम्म्या खुर्च्यांची. म्हणजे आमच्याकडे बाँड तीन आठवडे शिळा होऊन आला. देशातलं सगळ्यात मोठं सर्किट आणि तिथेच पहिला आठवडा नाही! चोरटी प्रत तोवर फोनवर फिरत होती. त्या शुक्रवारी मी ठाणे जिल्ह्यातल्या एका दोन पडद्यांच्या थिएटरात सकाळपासून होतो. एकाआड एक खुर्चीवर चिकटपट्टीची फुली. पोरं झाडू मारत होती आणि पडद्यामागच्या स्पीकरला सहा महिन्यांनी करंट दिला होता, म्हणून सगळ्यांच्या पोटात गोळा. पिक्चरची फाइल उघडणारी डिजिटल चावी वेळेवर चालली तेव्हा ऑपरेटरने हात जोडले.

पहिल्या शोला जे आले त्यात कॉलेजची पोरं थोडी. बाकी पन्नाशीच्या पुढचे, काही बायकोला घेऊन आलेले. शेवटी दिवे लागले, निम्मे लोक बाहेर पडले, आणि एक गृहस्थ पाट्या संपेपर्यंत उभेच राहिले. या पिक्चरमध्ये बाँड मरतो आणि तरीही अगदी शेवटी पाटी येते की जेम्स बाँड परत येईल. ती वाचून ते आमच्या डोअरकीपरला म्हणाले, “अहो, आता तर मेला. परत कसा येणार?” डोअरकीपर म्हणाला, “साहेब, येतो तो. माझे वडील इथे होते तेव्हापासून येतोय.”

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग तोच आहे.

बाँड संपला असं याआधीही बोललं गेलंय, आणि गल्ल्याचे जुने आकडे काढले की त्यात बरंच शिकण्यासारखं सापडतं. १९६२ चा ‘डॉक्टर नो’ सुमारे ११ लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने जवळपास सहा कोटी आणले. ‘थंडरबॉल’ १९६५ मध्ये १४ कोटींवर गेला. आजच्या पैशात तो शंभर कोटींच्या कितीतरी वर जाईल. मग चढउतार आले. १९७४ चा ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ दहा कोटींच्या आत राहिला. लोक म्हणाले, झालं. त्यात बाँडच्या दोन निर्मात्यांपैकी हॅरी सॉल्ट्झमन अडचणीत आले आणि १९७५ मध्ये त्यांनी आपला वाटा युनायटेड आर्टिस्ट्स या स्टुडिओला विकला. दुसरे निर्माते अल्बर्ट ब्रॉकली एकटे उरले. पण १९७७ चा ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ १८ कोटींवर गेला.

सगळ्यात मोठा धक्का १९८९ चा. टिमथी डाल्टनचा ‘लायसन्स टू किल’ जुलैत लागला. त्याच हंगामात अमेरिकेत ‘बॅटमॅन’ होता, ‘इंडियाना जोन्स’ होता, ‘लीथल वेपन’चा दुसरा भाग होता. अमेरिकेत बाँडला साडेतीन कोटीसुद्धा गाठता आले नाहीत. जगभरात १५ कोटी ६० लाख. पुढे स्टुडिओची मालकी बदलली, खटले लागले आणि सहा वर्षं बाँडच नाही. आजही कुठल्याही यादीत हा पिक्चर ‘आपटलेला बाँड’ म्हणून असतो. पण त्याचा खर्च होता ३ कोटी २० लाख. म्हणजे लागतीच्या जवळजवळ पाचपट गल्ला झाला. ‘नो टाइम टू डाय’चा गल्ला लागतीच्या तिप्पट, फार तर थोडा वर. ज्याला आपण अपयशी म्हणत आलो त्या बाँडचं गणित यशस्वी म्हणवल्या जाणाऱ्या बाँडपेक्षा बरं होतं!

माझं सगळं म्हणणं या तुलनेत आहे. बाँडचा प्रेक्षक कमी झालाय म्हणून धंदा अडलेला नाही. खर्च गल्ल्याच्या पुढे धावला, म्हणून अडलाय. २००६ चा ‘कसिनो रोयाल’ बघा. खर्च १५ कोटी, गल्ला ६० कोटींच्या आसपास, आणि सगळे खूश. ‘स्कायफॉल’चा खर्च वीस कोटींच्या घरात आणि गल्ला ११० कोटी. असा मेळ बाँडच्या आयुष्यात पुन्हा जमलेला नाही. ब्रिटनमध्ये १० कोटी पाउंड ओलांडणारा तो पहिला पिक्चर. तीन वर्षांनी ‘स्पेक्टर’ आला तो २४-२५ कोटी खर्चून, आणि गल्ला ८८ कोटींवर थांबला. खर्च वर गेला, उत्पन्न खाली आलं. त्यानंतरच्या पिक्चरला खर्च अजून वाढवला! या शेवटच्या तिन्हींचे अमेरिकेतले आकडे तर स्पष्टच उतरतात: ३० कोटी, २० कोटी, १६ कोटी. तिकडे ‘नो टाइम टू डाय’ला पहिल्या शनिवार-रविवारी आलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक पस्तिशीपुढचे होते.

ही पस्तिशीपुढची गर्दी मला वैयक्तिक आवडते, हे इथे सांगितलं पाहिजे. तरुण प्रेक्षक शुक्रवारी येतो आणि रविवारी संपतो. चाळिशीतला माणूस दुसऱ्या आठवड्यात येतो, मंगळवारी येतो, बायकोला विचारून येतो. वर सांगितलेली टक्क्यांची पायरी आठवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थिएटरवाल्याचा वाटा मोठा असतो. बाँड आम्हाला परवडतो तो म्हणूनच. पण मालिकेचं आयुष्य वाढवायचं तर विशीतली मुलं लागतातच. आज विशीत असलेल्या पोराने थिएटरात जाऊन बघितलेला बाँड एकच असण्याची शक्यता आहे, कारण २०१५ नंतर २०२१, आणि २०२१ नंतर अजून काहीच नाही. पहिला बाँड शॉन कॉनरीच्या काळात १९६२ ते १९६५ दरवर्षी एक आला. सवय तिथे लागली.

सवय किती महत्त्वाची ते करोनात दिसलं. ऑक्टोबर २०२० मध्ये बाँड पुढच्या एप्रिलवर गेल्याचं जाहीर झालं आणि काही दिवसांत सिनेवर्ल्ड कंपनीने ब्रिटन आणि अमेरिकेतली आपली सहाशेच्या वर थिएटरं तात्पुरती बंद केली. कारणं बरीच होती, पण हा पिक्चर गेल्यावर उघडं ठेवून दाखवायचं काय, हा प्रश्न खरा होता. पिक्चर स्ट्रीमिंग कंपनीला विकण्याची बोलणी चाललीत अशा बातम्याही त्याच सुमाराला आल्या. एमजीएमने तो विक्रीला नाही असं सांगितलं. तेव्हा बाँडचे निर्माते, म्हणजे अल्बर्ट यांची मुलगी बार्बरा ब्रॉकली आणि मायकल विल्सन हे सावत्र भाऊबहीण, थिएटरच्या बाजूने ठाम उभे राहिले. आमच्यासारख्यांनी त्यांचे उपकार मानायला हवेत, आणि मी मानतो.

आता अमेझॉन. मार्च २०२२ मध्ये त्यांनी एमजीएम ८४५ कोटी डॉलरना घेतली. पण एमजीएम घेतली म्हणजे बाँड हातात आला असं नव्हतं. हक्कांत अर्धी भागीदारी ब्रॉकली कुटुंबाची, आणि नट कोण, दिग्दर्शक कोण, पिक्चर कधी, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. जुन्या वितरकांनाही त्यांनी असंच लगाम लावून धरलं होतं. ‘स्पेक्टर’च्या वेळी सोनीने निर्मितीचा अर्धा खर्च उचलला आणि नफ्यात वाटा मिळाला चौथाई, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं होतं. एवढ्या वाईट अटींवर कंपन्या रांग लावतात, यावरून बाँडचं वजन कळतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र कुटुंबाने सर्जनाचे निर्णय अमेझॉनकडे दिले आणि स्वतः सहमालक राहिले. पुढच्या काही महिन्यांत निर्माते म्हणून एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन, दिग्दर्शक म्हणून डेनी विलनव्ह आणि लेखक म्हणून स्टीव्हन नाइट यांची नावं जाहीर झाली.

ही नावं ऐकून मला हायसं वाटलं. पास्कल सोनीत असताना ‘कसिनो रोयाल’, ‘स्कायफॉल’ सोनीकडून आले. हेमन यांनी ‘हॅरी पॉटर’चे आठही पिक्चर केले, म्हणजे लांबलचक मालिका शेवटपर्यंत नेणं म्हणजे काय ते त्यांना माहीत आहे. विलनव्ह मोठ्या पडद्यासाठीच फ्रेम लावणारा माणूस आहे. ज्याला बाँड मोबाइलवर ढकलायचा असेल तो असा संघ जमवणार नाही. पहिला पिक्चर थिएटरात, वाजतगाजत येणार, याबद्दल मला शंका नाही.

शंका आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्याची, आणि त्यांच्या मधल्या जागेची. ओटीटीचा धंदा वर्गणीवर चालतो. वर्गणीदार टिकवायला दर महिन्याला काहीतरी नवं लागतं. मग एखाद्या साइड पात्राची मालिका, बाँडच्या तरुणपणाची मालिका, बाँडच्या ऑफिसातल्या सेक्रेटरी मनीपेनीची मालिका, असा मोह होतोच. २०२३ मध्ये बाँडच्या नावाने एक स्पर्धेचा कार्यक्रम प्राइमवर आलाही. असं झालं की काय होतं ते आम्ही सुपरहिरोंच्या पिक्चरमध्ये बघितलं. मालिका आणि पिक्चर एकमेकांत गुंफले, प्रेक्षकाला वाटू लागलं की मागचं सगळं बघितल्याशिवाय हे कळणार नाही, आणि पहिल्या शनिवारनंतर कलेक्शन कोसळायला लागलं. बाँडची ताकद याच्या उलट्या बाजूला आहे. मागचा एकही न बघितलेला माणूस आत येऊन बसतो आणि दहा मिनिटांत रमतो. ‘कसिनो रोयाल’पासून बाँड झालेल्या डॅनियल क्रेगच्या पाच पिक्चरनी एक सलग गोष्ट सांगितली. ती मला आवडली, पण ‘स्पेक्टर’मध्ये जुन्या खलनायकांचे धागे ओढून आणून जोडले तेव्हा माझे नेहमीचे प्रेक्षक बाहेर येताना गोंधळलेले होते. नव्या बाँडने प्रत्येक वेळी पाटी कोरी ठेवावी.

खर्चाचं मी मघाशी बोललो. पंधरा ते अठरा कोटी डॉलरात उत्तम बाँड होऊ शकतो, असं मला मनापासून वाटतं. ब्रॉकली कुटुंबाने हे पूर्वी करून दाखवलंय. २००२ चा ‘डाय अनदर डे’ ४३ कोटींचा गल्ला करून गेला, महागाई न धरता तोवरचा सगळ्यात मोठा बाँड. तरी त्यांना कळलं की अदृश्य गाडी आणि बर्फाचा महाल यापुढे चढायला पायरी नाही. पिक्चर चालत असताना त्यांनी नट बदलला, अवाढव्यपणा उतरवला आणि ‘कसिनो रोयाल’मध्ये पत्त्यांच्या टेबलाभोवती ताण उभा केला. गल्ला उतरण्याआधी घेतलेला असा निर्णय मी आमच्या धंद्यात फार थोड्या वेळा बघितलाय.

थिएटर आणि ओटीटी यांच्यातलं अंतर हा दुसरा मुद्दा. आपल्याकडे मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी पिक्चरसाठी आठ आठवड्यांचा आग्रह धरतात. बाँडला किमान तेवढे द्यायला हवेत, कारण त्याचा प्रेक्षक उशिरा येतो. तीन आठवड्यांनी घरबसल्या मिळणार हे कळलं तर तो चाळिशीतला माणूस मंगळवारी येणारच नाही, आणि माझा दुसरा आठवडा गेला.

कॉपीराइटकडेही अमेझॉनचं लक्ष असणारच. इयन फ्लेमिंग ऑगस्ट १९६४ मध्ये गेले. ब्रिटन आणि युरोपात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०३५ च्या जानेवारीत तिथे त्यांच्या हयातीतल्या कादंबऱ्या खुल्या होतील. भारतात ही मुदत ६० वर्षांची, त्यामुळे आपल्याकडे त्या १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्याच आहेत. मराठी प्रकाशकाला आज त्यांचा अनुवाद काढायला परवानगी लागणार नाही. पिक्चरमधलं संगीत, ००७ ची खूण, पडद्यावरची खास रचना हे मात्र कंपनीचंच राहतं. म्हणजे नव्या मालकाला दहाएक वर्षांत स्वतःचा बाँड एवढा घट्ट उभा करायचाय की युरोपात कादंबऱ्या मोकळ्या झाल्यावरही लोक ‘खरा बाँड’ म्हणून त्याच्याकडेच बघतील. या घाईत ते दोन वर्षांत दोन पिक्चर काढतील अशी मला भीती आहे. तीन वर्षांत एक हा वेग मला योग्य वाटतो.

शेवटी माझ्या कामाची गोष्ट, तारीख. १९८९ च्या जुलैचा चटका बसल्यापासून प्रत्येक बाँड वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांतच लागलाय. परदेशात ते सोयीचं. आपल्याकडे तीच दिवाळी. २०१२ मध्ये ‘स्कायफॉल’ १ नोव्हेंबरला, अमेरिकेच्याही आधी आला. दिवाळी १३ तारखेला होती, त्यामुळे त्याला जवळजवळ दोन आठवडे मोकळे मिळाले आणि आम्ही भरपूर शो दिले. २०१५ मध्ये दिवाळीला सलमानचा ‘प्रेम रतन धन पायो’ होता, म्हणून ‘स्पेक्टर’ अमेरिकेनंतर दोन आठवड्यांनी, २० नोव्हेंबरला आणला. वर सेन्सॉरने चुंबनं निम्मी कापल्याचा गाजावाजा झाला आणि पिक्चरपेक्षा त्याचीच चर्चा जास्त. विलनव्ह यांचा तिसरा ‘ड्यून’ डिसेंबर २०२६ चा आहे, त्यामुळे २०२८ च्या आधी बाँड पडद्यावर येणं मला अवघड दिसतं. २०२८ ची दिवाळी १७ ऑक्टोबरला आहे. हिंदीचे मोठे पिक्चर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ओसरलेले असतील. शुक्रवार १० नोव्हेंबर मोकळा मिळाला तर मी माझ्या सगळ्या थिएटरांना आत्तापासून सांगून ठेवीन की रात्री नऊचा शो दुसऱ्या कुणाला देऊ नका.